सरकी, मका आणि भुसा : पंधरा हजारांतल्या क्लस्टरच्या नोंदी

१ जून, रविवार

आजपासून लिहून ठेवायचं ठरवलंय. मागच्या महिन्यात पुण्यात मुलाखतीला गेले होते. "क्लस्टर हाताळलाय का?" असं विचारलं. क्लस्टर म्हणजे एकमेकांना जोडून एकत्र चालवलेली मशिनं. "वाचलंय," म्हणाले. समोरचे दोघं हसले नाहीत, तेच जास्त लागलं.

कुपवाडच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या ऑफिसात मी कॉम्प्युटर बघते. म्हणजे प्रिंटरचा अडकलेला कागद काढण्यापासून जीएसटीच्या फाइलपर्यंत सगळं. सर्व्हर तिथं एकच आहे आणि त्याला हात लावायचा नाही असा हुकूम आहे. तेव्हा शिकायचं तर घरी. बजेट पंधरा हजार, एक रुपया वर नाही. क्लाउडवर भाड्यानं मशिन घेऊन दोन दिवसांत झालं असतं, पण मला केबल उपटून बघायचीय. भाड्याच्या मशिनची केबल कुठून उपटणार?

शिकायला खरा विषयही आहे. सांगलीच्या गणपती पेठेत आमचं पशुखाद्याचं दुकान आहे. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा दुकान बुडालं. टेबलावरचा कॉम्प्युटर गेला, त्यातली उधारी गेली. माळ्यावर फेकलेली लाल खतावणी तेवढी वाचली. तेव्हापासून आप्पा कॉम्प्युटरला "ते तुझं खेळणं" म्हणतात, आणि त्यांचं चुकत नाही.

ठरलं ते असं : उधारीचा छोटा प्रोग्रॅम, मागे पोस्टग्रेस डेटाबेस, आणि एक मशिन मेलं तरी पावती फाटली पाहिजे.

३ जून

मिरज रोडला तात्यांचं जुन्या मालाचं गोडाऊन आहे. ऑफिसं बदलली की तिथले डेस्कटॉप पोत्यानं येतात. चौथ्या पिढीचे आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, ५०० जीबी हार्ड डिस्क. तात्यांनी नगाला पाच हजार सांगितले.

"तात्या, शिकायला न्यायलीय, धंद्याला न्हाई."

"शिकायला दोन कशाला लागत्यात गं पोरी? एकावर काय भागंना?"

एक बंद पडल्यावर दुसऱ्यानं काम ओढायचं, असं सांगितलं. "मग बैलाची जोडी म्हण की," म्हणाले आणि जोडी साडेआठ हजाराला दिली. वर दोन पॉवर केबली आणि एक माऊस, ज्याचं डावं बटण चालत नाही.

सगळ्या मशिनांच्या केबली जिथं एकत्र येतात तो आठ पोर्टचा वापरलेला गिगाबिट स्विच ७००. तिसरं मशिन म्हणून माझा कॉलेजचा लॅपटॉप. स्क्रीन फुटलीय, पण बाकी धडधाकट.

४ जून

एक डेस्कटॉप चालू केला की तारीख २०१३ ची दाखवतो. आज बदलावी, प्लग काढावा, उद्या पुन्हा २०१३. त्याच्यावर डेबियन, म्हणजे फुकटची लिनक्स, घालतेय. पॅकेज उतरवायला गेलं की डेबियन म्हणतो, ही यादी अजून वैधच नाही. बरोबर आहे, त्याच्या लेखी ती बारा वर्षांनी निघणार आहे. मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल मेलाय. दोन्हींत नवे टाकले, ६० रुपये. अर्धा दिवस मात्र इंटरनेटला शिव्या देण्यात गेला.

८ जून, रविवार

तिन्हींवर डेबियन १२. नावं दुकानातलीच : सरकी, मका, भुसा. लॅपटॉप भुसा, कारण त्याच्यावर डेटा ठेवायचा नाही.

आज शब्दानं घोळ घातला. मी समजत होते क्लस्टर म्हणजे वेग. वाचलेलंही तसंच. १९९१ मध्ये पुण्याच्या सी-डॅकनं विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली परम ८००० केला. १९९४ मध्ये नासाच्या गोडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी बाजारात मिळणारी १६ साधी मशिनं साध्या इथरनेटनं जोडून बिओवुल्फ उभा केला. हे एक मोठं काम अनेकांत वाटून घेणारे क्लस्टर. मला हवाय तो दुसरा. त्याला काम वाटून घ्यायचं नाही, फक्त एक गेला तर दुसऱ्यानं उभं राहायचं. आमच्या दुकानात दिवसाला साठ-सत्तर पावत्या फाटतात, वेग घेऊन करू काय?

त्यात पोस्टग्रेसची वेगळीच तऱ्हा. तो एका मशिनवरच्या एका डेटा फोल्डरलाच क्लस्टर म्हणतो. डेबियनवर पोस्टग्रेस बसवलं की आपोआप 'मेन' नावाचा क्लस्टर तयार होऊन चालूही होतो. मी अर्धा तास खूश होते की झाला क्लस्टर. एकाच मशिनचा.

१५ जून, रविवार

हॉलमध्ये राउटरजवळ सरकी, वरच्या खोलीत स्विचपाशी मका. मध्ये जिन्यावरून मीच क्रिंप केलेली केबल (केबल आणि कनेक्टर मिळून २५०). सरकीवर मुख्य डेटाबेस, मकावर त्याची चालती नक्कल. वर कीपअलाइव्हड नावाचा प्रोग्रॅम. ज्याच्याकडे मालकी, त्याच्याकडे एक सामाईक पत्ता, आणि प्रोग्रॅमला तेवढाच पत्ता माहीत. मालक दर सेकंदाला "मी आहे" म्हणून हाक देतो. तीन-साडेतीन सेकंद हाक आली नाही की दुसरा म्हणतो, गेला वाटतं, आणि पत्ता स्वतःकडे घेतो. मी त्याला जोडून स्क्रिप्ट लिहिली : पत्ता आला की नक्कल मुख्य कर.

सरकीचा प्लग काढला. मका चार सेकंदांत मुख्य. मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

मग मकाची केबल काढून बघितली. काही झालं नाही. आपलीच केबल तुटलीय हे कीपअलाइव्हडला कळतं, तो गप्प बसतो. शहाणा आहे म्हटलं.

मग जिन्यावरची मधली केबल काढली.

आता सरकीला राउटर दिसतोय, मकाला स्विच दिसतोय. दोघांच्या केबली शाबूत, फक्त एकमेकांची हाक ऐकू येत नाही. सरकी म्हणते मी मालक. मका म्हणतो सरकी मेली, मी मालक. दोन्हीकडे मी पाच-पाच नोंदी टाकल्या, दोन्हीकडे हसत हसत घेतल्या. पावती नंबर मी मागच्या नंबरात एक मिळवून काढते. त्यामुळे पावती ११८ सरकीवर समडोळीचं गिऱ्हाईक, दोन पोती. मकावर तीच ११८ हरिपूरची, पाच पोती. केबल परत लावली तरी जुळणार कशा? त्या क्षणापासून दोन वेगळे इतिहास सुरू झालेत.

याला स्प्लिट-ब्रेन म्हणतात. आमच्याकडे वाटणी म्हणतात.

१७ जून

रात्री जेवताना आप्पांच्या हातात सोसायटीच्या सभेची नोटीस होती. खाली नेहमीचं वाक्य : गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा अर्ध्या तासानंतर त्याच ठिकाणी घेण्यात येईल व तीस गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही.

मी ताटावरून उठलेच. कोरम म्हणजे गणपूर्ती! स्प्लिट-ब्रेनवरचा हा उपाय दोन दिवस इंग्रजीत वाचत होते आणि डोक्यात शिरत नव्हतं.

निम्म्याहून जास्त सभासद हजर असतील तरच ठराव. दोन मशिन असतील तर निम्म्याहून जास्त म्हणजे दोन्ही. मग एक गेलं की सभाच होत नाही, दोन असून उपयोग शून्य. तीन असतील तर दोन पुरतात, एक गेलं तरी चालतं. चार घेतली तर तीन लागतात, म्हणजे चौथ्याचे पैसे पाण्यात, तेव्हाही एकच गेलेलं परवडतं. पाचाला तीन, तेव्हा दोन गेलेली परवडतात. म्हणून विषम आकडा. आणि मधली केबल तुटली तर एका बाजूला दोन, दुसऱ्या बाजूला एक. दोन्हीकडे बहुमत होऊच शकत नाही.

फरक एवढाच, की मशिनच्या सभेत ती "अर्ध्या तासानंतर" वाली पळवाट नाही. बहुमत नाही तर नाही. रात्रभर बसून राहतील, ठराव करणार नाहीत. आप्पांना सांगितलं. म्हणाले, "मग तुमची सोसायटी कधी चालायचीच न्हाई."

२२ जून, रविवार

तिन्ही मशिन आता वरच्या खोलीत एकाच स्विचवर. कीपअलाइव्हड आणि माझी स्क्रिप्ट मोडीत काढली. तिन्हींवर ईटीसीडी बसवलं. ही छोटीशी वही आहे, पण तिच्यात काही लिहायचं तर तिघांतल्या दोघांची सही लागते. सही कशी घ्यायची याचा नियम राफ्ट. डिएगो ओंगारो आणि जॉन ऑस्टरहाउट यांनी तो २०१४ च्या निबंधात मांडला, समजायला सोपा हवा हे ठरवूनच. खरंच सोपा आहे. एक पुढारी निवडायचा, तो बाकीच्यांना सतत नाडी दाखवत राहतो, नाडी थांबली की नवी निवडणूक. ईटीसीडीत मुळात नाडी दर १०० मिलिसेकंदाला, आणि १००० मिलिसेकंद शांतता झाली की निवडणूक.

भुसा इथं साक्षीदार. त्याच्यावर पोस्टग्रेस नाही, फक्त मत आहे. मताला फार ताकद लागत नाही, फुटक्या स्क्रीनचा लॅपटॉप पुरतो.

२४ जून

पुढारी बदलतोय. सारखा. रात्री दोन तासांत सहा निवडणुका. लॉगमध्ये "फार वेळ लागला" अशी ओळ पानभर. आधी केबलीवर संशय घेतला, सगळ्या बदलल्या. मग लक्षात आलं, मी त्याच डिस्कवर डेटाबेसमध्ये दोन लाख खोट्या पावत्या भरत होते तेव्हाच हे होतंय.

ईटीसीडी प्रत्येक नोंद डिस्कवर खरोखर उतरली का ते बघूनच पुढे जातं. ते उतरणं १० मिलिसेकंदांच्या आत व्हावं अशी अपेक्षा असते. माझ्या डिस्का ७२०० फेऱ्यांच्या. मिनिटाला ७२०० म्हणजे सेकंदाला १२०, म्हणजे एका फेरीलाच ८ मिलिसेकंद. एकटी असती तरी काठावर. त्यात दोन लाख पावत्या तिच्याच दारात रांग लावून. मग नाडी चुकते आणि बाकीचे म्हणतात पुढारी गेला.

२४० जीबीच्या दोन एसएसडी, म्हणजे न फिरणाऱ्या डिस्का, ३,३००. बजेटमधला सगळ्यात टोचलेला आणि सगळ्यात कामाचा खर्च. तात्यांना विचारलं जुन्या आहेत का. "जुनी डिस्क आणि जुनं टायर घेऊ नगंस," म्हणाले. विकणाराच असं बोलला म्हटल्यावर नवीन घेतल्या.

२९ जून, रविवार

पॅट्रोनी नावाचा प्रोग्रॅम. हा प्रत्येक पोस्टग्रेसच्या शेजारी बसतो आणि ईटीसीडीच्या वहीत बघत राहतो. वहीत एक ओळ असते : सध्याचा मुख्य कोण. त्या ओळीचं आयुष्य ३० सेकंद. मुख्यानं दर दहा सेकंदांनी तिला नवं आयुष्य द्यायचं. देता आलं नाही तर तो स्वतःहून पायउतार होतो. ही खरी गोम. माझ्या जुन्या स्क्रिप्टमध्ये नव्याला गादीवर बसवायची सोय होती, जुन्याला उतरवायची नव्हती.

चालू व्हायला चार संध्याकाळी लागल्या. पहिली गेली कारण डेबियननं आपोआप चालू केलेला तो 'मेन' आधीच ५४३२ पोर्ट धरून बसला होता. पुढच्या तीन एका आकड्यापायी. सेटिंगमध्ये मी 'ईटीसीडी' लिहिलं होतं, हवं होतं 'ईटीसीडी३'. नुसतं लिहिलं तर पॅट्रोनी जुन्या दुसऱ्या आवृत्तीच्या भाषेत बोलतो, आणि ती भाषा आताच्या ईटीसीडीत मुळातून बंद असते. एक तीनचा आकडा. आई विचारत होती, अजून झालं नाही का, पुरण पण इतका वेळ आटवत नाहीत.

६ जुलै, रविवार

मोजमाप. भुशावरून एक प्रोग्रॅम सोडला. तो एकामागून एक नंबर टाकत राहतो, आणि डेटाबेसनं "मिळालं" म्हटलेला प्रत्येक नंबर स्वतःच्या फाइलमध्ये लिहितो. सेकंदाला चारशेच्या आसपास. मध्येच सरकीचा प्लग ओढला.

३४ सेकंद शांतता. मग मका मुख्य, नंबर पुन्हा सुरू.

फाइल आणि डेटाबेस ताडून बघितले. तीन नंबर कमी! सरकीनं "मिळालं" म्हटलं, पण मकाला कळवायच्या आत तिचा श्वास गेला. तीनच. पण पेंडीच्या दुकानात तीन पावत्या म्हणजे तीन भांडणं.

सरकी परत चालू केली तेव्हा पॅट्रोनीनं तिला दोघांच्या वाटा फुटल्या तिथवर मागं नेलं, ते तीन नंबर पुसले आणि तिला मकाच्या मागं उभं केलं. सरकीच्या डिस्कवर ते तिन्ही खरे होते. तरी पुसले, कारण बाकीच्यांच्या वहीत नव्हते.

मग सिंक्रोनस पद्धत चालू केली : मकाची पोच आल्याशिवाय सरकीनं "मिळालं" म्हणायचं नाही. वेग चारशेवरून सव्वादोनशेवर आला. पुन्हा प्लग ओढला. हरवलेले नंबर शून्य. पाचदा केलं, पाचही वेळा शून्य. आपल्याला साठ-सत्तर पावत्यांना सव्वादोनशेचा वेग, तेव्हा यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच.

३४ सेकंद कमी करायचा मोह झाला. आयुष्य २० केलं, बाकीचे आकडे ५ वर आणले. २३ सेकंदांत उठला. पण भुशावर अपडेट चालू असताना उगाच एकदा गादी बदलली. परत ३० वर आणलं. पोत्याचं तोंड शिवायला तीस सेकंद लागतातच.

८ जुलै

बहुतेक जण मध्ये एचएप्रॉक्सी ठेवतात. तो दोन्ही पॅट्रोनींना विचारतो मुख्य कोण, आणि गिऱ्हाइकाला, म्हणजे डेटा मागणाऱ्या प्रोग्रॅमला, तिकडे पाठवतो. पण तो एकच ठेवला तर तो मेल्यावर काय? म्हणून तेही दोन, त्यांच्यावर पुन्हा कीपअलाइव्हड. मारुतीच्या शेपटासारखं वाढतच जातं. माझा प्रोग्रॅम एक, गिऱ्हाईक एक. पोस्टग्रेसच्या १० व्या आवृत्तीपासून जोडणीच्या ओळीतच दोन्ही पत्ते देता येतात आणि सांगता येतं, जो लिहू देईल त्याच्याकडे जा. तेवढंच केलं. शून्य रुपये.

१४ जुलै

दुपारपासून पाऊस, सात वाजता लाइट गेली. मी तयारीत होते. दुकानातला पडून असलेला ६०० व्हीएचा यूपीएस आणला होता, बॅटरी नवी टाकली होती (९५०). सरकी, मका त्यावर. भुसा लॅपटॉप, त्याची बॅटरी त्याच्या पोटात. अंधारात तिन्ही मशिन चालू, पंख्यांचा आवाज येतोय. छाती फुगली.

आणि प्रोग्रॅम म्हणतो, लिहिता येत नाही.

स्विच! स्विचचा अडॅप्टर भिंतीच्या साध्या सॉकेटमध्ये. तीन मशिन जिवंत, पण तिघंही एकेकटे. कुणाकडेच बहुमत नाही. मॉनिटर सरकीला लावून बघितलं, पायउतार होऊन नुसती वाचायला बसली होती. मकाही तसाच. पाव तास कुणीच मालक नव्हता आणि कुणी मालक व्हायला धजावलंही नाही. १५ जूनची रात्र आठवली. तेव्हा एक केबल गेली तर दोन मालक झाले होते. आज सगळं जाळं गेलं तरी एकही झाला नाही. लाइट आल्यावर मिनिटाभरात आपोआप सुरू झाले.

स्विच यूपीएसवर घेतला. त्यावर सगळं मिळून सतरा मिनिटं निघतात. बायोसमध्ये "वीज परत आली की चालू हो" हेही करून ठेवलं, नाहीतर मी कुपवाडला आणि मशिन बंद.

स्विच अजूनही एकच आहे. दुसरा घेतला तर बजेट फाटतं. राहू दे.

१९ जुलै

आप्पांनी विचारलं, लाइट बिल किती वाढणार. वीज मोजायचा प्लग विकत घ्यायचा नव्हता. घरातलं बाकी सगळं बंद केलं (आई फ्रिजसाठी पाव तासाला कशीबशी तयार झाली) आणि मीटरचा लाल दिवा मोजला. आमच्या मीटरवर लिहिलंय, एका युनिटला ३२०० लुकलुक. पंधरा मिनिटांत ५६ झाले. तासाला २२४, म्हणजे ७० वॅट. चोवीस तास ठेवलं तर महिन्याला ५० युनिट. आप्पांच्या भुवया वर. संध्याकाळचे चारच तास ठेवलं तर साडेआठ युनिट. सध्या संध्याकाळीच.

२७ जुलै, रविवार

आज जे केलं ते लिहायची लाज वाटतेय.

कसबे डिग्रजच्या एका खात्याची बाकी शून्य करायची होती. अट लिहायची विसरले, एंटर मारलं. सगळ्याच खात्यांची बाकी शून्य.

क्लस्टर काय करणार? सरकीनं ऐकलं, मकाला कळवलं, मकानं पोच दिली, तिघांची गणपूर्ती होती. सहा आठवडे खपून मी असं यंत्र बांधलं जे माझी चूक शंभर टक्के सुरक्षित ठेवतं.

डेटा खोटा होता म्हणून निभावलं. परवा रात्री हाताने काढलेली एक प्रत होती, तिच्यावरून परत आणलं, दोन दिवसांच्या नोंदी गेल्या. आता रोज रात्री साडेदहाला प्रत निघते, चौदा दिवसांच्या ठेवते. पेन ड्राइव्ह ४५०. आणि दर रविवारी ती प्रत भुशावर खरोखर उघडून बघायची, खात्यांची संख्या मोजायची. न उघडलेल्या प्रतीवर विश्वास कसला.

२ ऑगस्ट

नदीचं पाणी चढतंय. आयर्विनला ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. पण पेठेतले लोक आकड्यांची वाट बघत बसत नाहीत, २०१९ नंतर तर नाहीच. आज सगळा दिवस पोती वरच्या मजल्यावर चढवण्यात गेला. खांदे भरून आलेत.

हे घर विश्रामबागला, उंचावर, इथं पाणी येत नाही. पण तिन्ही मशिन एका खोलीत, एका छताखाली. म्हणून पेन ड्राइव्ह आप्पांच्या पिशवीत घातला. उद्या ते विट्याला आत्याकडे जाणार आहेत, तिथं तिच्या कपाटात राहील. आत्यानं फोनवर विचारलं, त्यात काय आहे. आप्पा म्हणाले, "दुकान आहे."

१० ऑगस्ट, रविवार

पाणी उतरलं, दुकानात आलं नाही. घरात मात्र क्लस्टर बसला.

भुशाचा चार्जर जळाला, बॅटरी संपली, भुसा गेला. त्याच वेळी मका चालू होईना, नुसता पीप पीप वाजतोय. उरली सरकी एकटी. तीनात एक. नुसती वाचायला बसली.

आता ती अर्ध्या तासानंतरची सभा आठवली. ईटीसीडीत ती पळवाट खरं तर आहे, फक्त मशिनच्या हातात दिलेली नाही. एकट्या उरलेल्याला सांगता येतं, जुने सभासद विसर, तूच आता एकटी सभा. सक्तीनं नवा क्लस्टर.

करावं की नाही यावर पाऊण तास काढला. सरकीच्या बाजूनं बघितलं तर "मका मेला" आणि "मधली केबल तुटली" यांत काही फरक दिसत नाही, दोन्हीकडे नुसती शांतता. म्हणून तिला हा निर्णय देता येत नाही. पण मला मका दिसतोय. त्याचा प्लग माझ्या हातात आहे, आणि भुसा मांडीवर गार पडलाय. मोठ्या ठिकाणी दुसऱ्या मशिनची वीज तोडणारं उपकरणच असतं. त्याला स्टॉनिथ म्हणतात, "शूट द अदर नोड इन द हेड" ची आद्याक्षरं. आमच्याकडे ते उपकरण मी आहे.

केलं. सरकी एकटीची सभा, लिहायला लागली.

मकाची रॅम काढून खोडरबरानं घासली, परत बसवली, चालू झाला. पण तसाच परत घेतला नाही. त्याची जुनी ईटीसीडीची वही पूर्ण पुसली आणि नवा सभासद म्हणून नोंदवला. जुनी वही घेऊन आला असता तर जुन्या सभेच्या गोष्टी सांगत बसला असता. भुशाला तात्यांकडून चार्जर, ६५०, आणि मग तोही नव्यानं.

१७ ऑगस्ट, रविवार

आप्पांना वर बोलावलं. खुर्चीवर बसवलं, पावती भरायला सांगितली. समडोळी, सरकी पेंड, दोन पोती. मग म्हटलं, आता यातला तुम्हाला वाटेल त्याचा प्लग ओढा.

"कुठलाही?"

"कुठलाही. एकच."

त्यांनी वाकून तिन्ही बघितले आणि बरोबर सरकीचाच ओढला. ती त्या वेळी मुख्य होती. पुढची पावती भरायला लागले. गोल फिरतंय, फिरतंय. आप्पा मोठ्यानं मोजायला लागले, पोती मोजतात तसं, प्रत्येक दहाला थांबून. बत्तिसाला पावती गेली. नंबर बघितला. मागची १४१, ही १४२. मागं जाऊन समडोळीची दोन पोती बघितली. होती.

"आणि वही?" म्हणाले.

वही लिहायचीच आहे, मीच सांगितलं. निदान एक वर्ष दोन्ही. त्यांनी मान हलवली आणि मग सरकीचा प्लग स्वतःच्या हातानं परत लावला, थोडा वेळ तिचा दिवा बघत उभे राहिले.

भुशाचा पंखा घरघरतोय, उघडून साफ करायचा.

खर्च : डेस्कटॉप ८,५००, स्विच ७००, केबल २५०, सेल ६०, एसएसडी ३,३००, यूपीएसची बॅटरी ९५०, पेन ड्राइव्ह ४५०, चार्जर ६५०. एकूण १४,८६०. शिल्लक १४० रुपये, पुढे ओढली.